आठवण दोनदा का गेली: रिकाम्या मोनोचं एक प्रकरण

तक्रार चार ओळींची होती. डॉक्टरांच्या भेटीची आठवण फक्त एसएमएसने यावी, अशी पसंती एका बाईंनी नोंदवलेली होती. एसएमएस आला. पण त्याच मिनिटाला त्यांच्या कामाच्या ठिकाणच्या पत्त्यावर मेलही गेला, आणि तो पत्ता तिथले आणखी काही जण उघडतात. कुठल्या तज्ज्ञाकडे, किती वाजता, सगळं त्या मेलमध्ये लिहिलेलं. त्यांनी ॲप उघडून पाहिलं तर पसंती बदलून ‘मेल’ झालेली. ‘हे मी बदललेलं नाही’, या वाक्यावर तक्रार संपत होती.

चुकून बटण दाबलं गेलं असेल, असं आम्ही आधी म्हणालो. त्याची मला अजून खंत वाटते, कारण त्या बाईंनी घटना अगदी नेमकी सांगितली होती आणि चूक पूर्णपणे आमची होती. एका अटीवर एकामागून एक रिक्वेस्ट पाठवणाऱ्या साखळीतली ही चूक. आमच्या टीमने ती तीन हप्त्यांत शोधली, आणि पहिल्या दुरुस्तीने परिस्थिती आणखी बिघडवली. रिॲक्टिव्ह कोड, म्हणजे उत्तराची वाट पाहत न थांबता ते आल्यावर काय करायचं हे आधीच जोडून ठेवणारा कोड, लिहिणाऱ्या कुणालाही हे होऊ शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

साखळी कशी होती

सेवा जावात, स्प्रिंग वेबफ्लक्स आणि रिॲक्टर या रिॲक्टिव्ह लायब्ररींवर लिहिलेली. पुढे येणाऱ्या एका उत्तराला रिॲक्टरमध्ये मोनो म्हणतात. काम सरळ. भेटीची नोंद आणायची. भेट पक्की असेल तरच पुढे जायचं. मग त्या रुग्णाची पसंती विचारायची. पसंती असेल तर त्या मार्गाने आठवण पाठवायची. नसेल तर मेलची मूळ पसंती त्याच्या नावावर तयार करायची आणि मग मेल पाठवायचा. प्रत्येक पायरी म्हणजे दुसऱ्या सेवेला केलेली वेगळी रिक्वेस्ट, आणि पुढची रिक्वेस्ट करायची की नाही हे मागच्या उत्तरावर ठरणार.

कोड साधारण असा होता. नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. फिल्टर अटीत न बसणारं गाळतो, फ्लॅटमॅप आलेलं मूल्य घेऊन पुढची पायरी चालवतो.

भेटशोध(क्रमांक)
  .फिल्टर(भेट → भेट.पक्की)
  .फ्लॅटमॅप(भेट →
    पसंतीशोध(भेट.रुग्ण)
      .फ्लॅटमॅप(पसंती → पाठव(भेट, पसंती))
      .स्विचइफएम्प्टी(
        मूळपसंतीकर(भेट.रुग्ण)
          .फ्लॅटमॅप(पसंती → पाठव(भेट, पसंती))))

मोठ्याने वाचा. पसंती शोध, सापडली तर पाठव, नाही सापडली तर मूळ पसंती कर आणि पाठव. आम्ही हा कोड रिव्ह्यूत पाहिला होता, मीही पाहिला होता, आणि आम्हाला तो जवळजवळ मराठी वाक्यासारखा स्वच्छ वाटला होता. अडचण तिथेच आहे. आपण ‘नाही सापडली तर’ असं वाचतो, पण स्विचइफएम्प्टीला ‘सापडणं’ माहीतच नाही. त्याच्या लगेच वरून जे येतं त्यात एकही मूल्य नव्हतं का, एवढंच तो बघतो.

रिकामं म्हणजे नेमकं काय

रिॲक्टिव्ह स्ट्रीम्सचा करार २०१५ साली १.० म्हणून पक्का झाला, आणि रिॲक्टर तो पाळतो. त्या करारात सबस्क्रायबरला, म्हणजे उत्तर मागणाऱ्याला, शून्य किंवा अधिक मूल्यं मिळतात, आणि शेवट झालाच तर पूर्ण झाल्याच्या किंवा एररच्या संकेताने होतो. मूल्य म्हणून नल, म्हणजे ‘काहीच नाही’ची खूण, पाठवायला सक्त मनाई आहे. मोनो म्हणजे जास्तीत जास्त एक मूल्य. म्हणजे मोनो संपण्याचे प्रकार तीनच: मूल्य देऊन, मूल्य न देता सुखरूप, किंवा एररने.

यातला मधला प्रकार बघा. नल चालत नाही म्हणून ‘नोंद नाही’ हे सांगायला रिकामा मोनो वापरतात. आणि ‘काम झालं, पण सांगण्यासारखं काही नाही’ हे सांगायलाही रिकामाच मोनो वापरतात. आमचं पाठव हे फंक्शन व्हॉइडचा मोनो परत करत होतं. व्हॉइडच्या मोनोतून मूल्य कधीच येत नाही, यायची सोयच नाही. एसएमएस व्यवस्थित गेला तरी रिकामा, आणि पाठवायला काही नव्हतं तरी रिकामा.

आता साखळी पुन्हा वाचा. पसंती सापडली. फ्लॅटमॅपने पाठवला बोलावलं. एसएमएस गेला. पाठव रिकामं संपलं, म्हणून तो फ्लॅटमॅपही रिकामा संपला. खाली बसलेल्या स्विचइफएम्प्टीने पाहिलं की वरून काही आलं नाही, आणि त्याने इमानाने आपलं काम केलं: मूळ पसंती तयार केली, जुनीवर लिहिली, मेल पाठवला. म्हणजे ही शाखा अधूनमधून चुकत नव्हती, पसंती असलेल्या प्रत्येक माणसासाठी चालत होती.

मग इतके दिवस कळलं कसं नाही? बहुतेक लोकांची पसंती मेलच होती. त्यांना एकच मेल दोनदा जात होता, आणि दोन मेल आल्याच्या तक्रारी आम्ही ‘मेल पोचवणाऱ्या बाजूने पुन्हा प्रयत्न झाला असेल’ म्हणून बंद केल्या होत्या. एसएमएस निवडणारे थोडे, आणि पहिल्या आठवणीनंतर तेही मेलवाल्यांत जमा होत होते. चूक आपल्याच खुणा पुसत चालली होती.

जाता जाता एक गोष्ट. वरच्या फिल्टरमधूनही रिकामाच मोनो निघतो. रद्द झालेल्या भेटी तिथेच गळतात. स्विचइफएम्प्टी आतल्या कंसात होता म्हणून त्या वाचल्या. तोच एक पायरी बाहेर लिहिला असता तर रद्द झालेल्या भेटींसाठीही तो चालला असता, आणि तिथे भेटच हातात नसल्यामुळे काय पाठवलं असतं कोण जाणे. कंस आत पडला हा विचार करून घेतलेला निर्णय नव्हता.

टाइप गप्प का बसले

मला सगळ्यात जास्त हाच प्रश्न पडला. जावासारख्या कडक भाषेत कंपायलरने हे कसं चालवून घेतलं? दोन्ही शाखा व्हॉइडचा मोनो देतात, टाइप जुळतात, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही.

आरएक्सजावा या जावाच्याच दुसऱ्या रिॲक्टिव्ह लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे २०१६ पासून, यासाठी वेगवेगळे टाइप आहेत. सिंगलमधून एक मूल्य येणारच, नाहीतर एरर. मेबीमधून येईल किंवा येणार नाही. कम्प्लीटेबलमधून मूल्य कधीच येत नाही. तिथे पसंतीशोध मेबी झालं असतं, पाठव कम्प्लीटेबल झालं असतं, आणि दोन्ही जोडून कम्प्लीटेबल तयार झालं असतं. कम्प्लीटेबलवर स्विचइफएम्प्टी नावाची मेथडच नाही, कारण जे नेहमीच रिकामं असतं त्याला ‘रिकामं असेल तर’ विचारण्यात अर्थ नाही. आमचा कोड तिथे कंपाइल झाला नसता. रिॲक्टरने हे तिन्ही अर्थ एका मोनोत बसवले. शिकायला ते सोपं आहे, ऑपरेटर कमी लागतात, पण हा फरक लक्षात ठेवण्याची जबाबदारी माणसावर येऊन पडते. ही देवाणघेवाण मला आता महाग वाटते.

टेस्टमध्ये दिसलं होतं

टेस्ट होत्या, आणि चांगल्या दिसत होत्या. ‘पसंती असेल तर त्या मार्गाने पाठव’ या टेस्टमध्ये मॉकिटोने, म्हणजे खऱ्या सेवांच्या जागी बनावट ‘मॉक’ ठेवणाऱ्या लायब्ररीने, पसंतीशोधाला एसएमएसची पसंती द्यायला लावलं होतं, पाठव एकदाच बोलावलं गेलं हे तपासलं होतं, आणि रिॲक्टरच्या स्टेपव्हेरिफायर या टेस्टच्या साधनाने साखळी पूर्ण झाल्याची खात्री केली होती. सगळं हिरवं.

पण त्या टेस्टमध्ये एक ओळ जास्तीची होती. मूळपसंतीकर बोलावल्यास रिकामा मोनो दे, अशी मॉकला दिलेली सूचना. पसंती आहे त्या टेस्टमध्ये मूळपसंतीकर कशाला? जुना इतिहास काढल्यावर कळलं. ती ओळ नसताना टेस्ट नल पॉइंटरने पडत होती. न सांगितलेल्या मेथडला मॉकिटो मोनोऐवजी नल देतो, आणि नलवर फ्लॅटमॅप बोलावलं की कोसळतं. ज्याने टेस्ट लिहिली त्याने, कुणीही केलं असतं तेच केलं. एक ओळ घातली आणि पुढे गेला.

ते कोसळणं म्हणजेच खरी तक्रार होती. पसंती असतानाही मूळपसंतीकर बोलावलं जातंय, असं टेस्ट ओरडून सांगत होती. वापरात नसलेल्या मॉकच्या सूचनेवर मॉकिटो कडक पद्धतीत चालवल्यास बोट ठेवतो. इथे तेही झालं नाही, कारण ती सूचना खरोखर वापरली जात होती. आणि मॉकने रिकामा मोनो दिल्यामुळे दुसरं पाठव झालंच नाही, म्हणून ‘एकदाच पाठवलं’ ही तपासणीही पास झाली. आमच्याच हाताने आम्ही चूक झाकून ठेवली होती.

पहिली दुरुस्ती, आणि वाढलेलं नुकसान

कारण कळल्यावर दुरुस्ती उघड होती. पर्यायी शाखा टाइप बदलायच्या आधी यायला हवी. म्हणजे आधी पसंती हाती येईल याची सोय करायची, सापडलेली किंवा नव्याने केलेली, आणि मग एकाच ठिकाणी पाठवायचं.

पसंतीशोध(भेट.रुग्ण)
  .स्विचइफएम्प्टी(मूळपसंतीकर(भेट.रुग्ण))
  .फ्लॅटमॅप(पसंती → पाठव(भेट, पसंती))

स्विचइफएम्प्टी आता पसंतीच्या मोनोवर बसलंय. वरून काही आलं नाही याचा इथे एकच अर्थ निघतो. पाठव दोनदा लिहावं लागत नाही. आकार हाच बरोबर आहे, आणि आजही आमच्या कोडमध्ये हाच आहे. डिप्लॉय केलं, दोनदा जाणारे मेल त्याच दिवशी थांबले, आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

तीन दिवसांनी दुसरी तक्रार आली. एसएमएस निवडला होता, एकदा आला, पुढची आठवण मात्र फक्त मेलने. पसंती पुन्हा बदललेली.

दुखणं गेलं नव्हतं, फक्त आवाज बंद झाला होता. आधी निदान दोन संदेश यायचे आणि माणूस तक्रार करायचा. आता पसंती गुपचूप बदलत होती आणि ते कळायला पुढची आठवण यावी लागत होती. आमच्या पहिल्या दुरुस्तीने लोकांच्या हातून तक्रारीचं कारण काढून घेतलं आणि नुकसान चालू ठेवलं. मला यातला हा भाग सगळ्यात जास्त लागला.

आधी लिहिलं, मग विचारलं

या वेळी मी कोडऐवजी लॉग घेऊन बसले. एका भेटीचा क्रमांक धरून तीन सेवांचे लॉग वेळेप्रमाणे लावले. ‘मूळ पसंती लिहायला घेतली’ ही ओळ ‘पसंती विचारली’ या ओळीच्या आधी येत होती. साखळीप्रमाणे हे अशक्य. विचारण्याआधीच ‘नाही’ हे उत्तर कुणाला कळलं?

उत्तर जावाच्या अगदी पहिल्या धड्यात आहे. मेथडला बोलावण्याआधी तिचे आर्ग्युमेंट मोजले जातात. स्विचइफएम्प्टी(मूळपसंतीकर(...)) लिहिलं की मूळपसंतीकर आधी चालतं, त्यातून आलेला मोनो स्विचइफएम्प्टीच्या हातात पडतो. लिहिलंय ‘रिकामं असेल तर’ च्या आत, पण ते अटीच्या बाहेर आहे.

एरवी याने बिघडत नाही, कारण मोनो आळशी असतो. वेबक्लायंटने, म्हणजे रिक्वेस्ट पाठवणाऱ्या स्प्रिंगच्या साधनाने, केलेला मोनो म्हणजे रिक्वेस्टची पाककृती. सबस्क्राइब होईपर्यंत चूल पेटत नाही. पाककृती लिहून ठेवली आणि वापरली नाही तर काही जळत नाही. पण पसंती लिहिण्यासाठी आम्ही एक जुनं क्लायंट वापरत होतो, आणि ते कम्प्लीटेबलफ्यूचर, म्हणजे चालू झालेल्या कामाच्या उत्तराची पावती, द्यायचं. फ्यूचर आळशी नसतं. हातात येतं तेव्हा रिक्वेस्ट आधीच वाटेला लागलेली असते. मूळपसंतीकरच्या पोटात होतं मोनो.फ्रॉमफ्यूचर(क्लायंट.लिही(...)). बाहेरून मोनो, आतून चालू झालेलं काम.

म्हणजे भेट हाती आली की पहिली रिक्वेस्ट लिहिण्याची जायची, आणि तिच्या पाठोपाठ विचारण्याची. दोघींची शर्यत. विचारण्याचं उत्तर बहुतेक वेळा कॅशमधून यायचं म्हणून ते आधी पोचायचं, जुनी पसंती मिळायची, एसएमएस जायचा, आणि त्यामागून लिहिणं पूर्ण होऊन पसंती बदलायची. क्वचित लिहिणं जिंकायचं. तेव्हा एसएमएस जायचाच नाही.

इथे मला आमच्या पहिल्या तपासातली एक गोष्ट आठवली. जुन्या तक्रारींत दोन-तीन अशा होत्या ज्यांत पहिल्याच वेळी एसएमएस आलाच नव्हता, दोन्ही मेलच आले होते. पहिल्या निदानात त्या बसत नव्हत्या. पसंती सापडली तर एसएमएस जायलाच हवा होता. आम्ही त्या ‘नेटवर्कमुळे असेल’ म्हणून बाजूला ठेवल्या होत्या. त्याच तक्रारींनी दुसरी चूक दाखवली असती. निदान नव्वद टक्के तक्रारींना लागू पडतं म्हणजे ते बरोबर आहे असं नसतं. उरलेल्या दहा टक्क्यांत दुसरा रोग असू शकतो.

मोनो.डिफर लावला की प्रश्न सुटतो. डिफर मोनो बनवण्याचं कामच सबस्क्राइब होईपर्यंत लांबवतो, त्यामुळे आतलं फ्यूचरही तोपर्यंत जन्माला येत नाही. प्रश्न होता तो कुठे लावायचा. पहिला पॅच साखळीत होता: स्विचइफएम्प्टी(मोनो.डिफर(() → मूळपसंतीकर(...))). आम्ही तो मागे घेतला. बोलावणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी आठवणीने डिफर लावायचा असेल तर कुणीतरी, कधीतरी विसरणारच, आणि मेथडची सही पाहून ती आळशी आहे की उतावीळ हे कुणालाच कळत नाही. म्हणून मूळपसंतीकरच्या आतच बदल केला. फ्रॉमफ्यूचरला तयार फ्यूचर न देता ते बनवणारं फंक्शन दिलं. फ्रॉमफ्यूचर तेही घेतो आणि सबस्क्राइब झाल्यावरच बोलावतो. जी मेथड मोनो परत करते ती सबस्क्राइब होण्याआधी बाहेरच्या जगाला हात लावणार नाही, हा नियम आम्ही लिहून ठेवला. लॉगची ओळही फंक्शनच्या आत गेली.

ब्राउझरच्या बाजूला आरएक्सजेएसमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टच्या रिॲक्टिव्ह लायब्ररीत, हेच दुखणं दुसऱ्या नावांनी भेटतं. तिथे प्रॉमिस उतावीळ आणि ऑब्झर्व्हेबल आळशी. फ्रॉमला तयार प्रॉमिस दिलं की रिक्वेस्ट गेलेली असते. आयआयएफ या ऑपरेटरला अट फंक्शन म्हणून देतात पण दोन्ही शाखा थेट देतात, त्यामुळे शाखांमधल्या अभिव्यक्ती अट तपासण्याआधीच मोजल्या जातात. ‘वापरकर्ता असेल तर वापरकर्ता.क्रमांकने माहिती आण’ असं आयआयएफमध्ये लिहिलं तर वापरकर्ता नसताना ते तिथेच कोसळतं. तिथे फ्लॅटमॅपसारख्याच स्विचमॅपच्या आत साधं इफ लिहून योग्य तो ऑब्झर्व्हेबल परत करावा, हे माझं ठाम मत आहे. वाचायलाही तेच सोपं. आणि ‘काही करायचं नाही’ या शाखेत मूल्य न देता संपणारा एम्प्टी द्यायचा की नल हे एक मूल्य देणारा ऑफ, हे खाली कोण बसलंय ते बघून ठरवावं. खाली सगळ्यांची उत्तरं एकत्र करून देणारा फोर्कजॉइन असेल आणि त्यातला एक जरी मूल्य न देता संपला, तर अख्खा फोर्कजॉइन काही न देता संपतो, बाकीच्या रिक्वेस्ट सोडून देतो, आणि स्क्रीनवर चक्र फिरत राहतं. रिॲक्टरच्या झिपचंही तसंच.

तिसरा अर्थ: एररला रिकामं म्हणणं

दुसरी दुरुस्ती करताना पसंतीशोध पहिल्यांदा नीट वाचलं. शेवटी होतं: ऑनएरररिझ्यूम, कुठलीही एरर आली तरी रिकामा मोनो. लिहिणाऱ्याचा हेतू समजण्यासारखा होता. पसंतीसेवा नोंद नसेल तर ४०४ देते, वेबक्लायंटच्या रिट्रीव्हच्या वाटेने ती एरर म्हणून येते, आणि ४०४ म्हणजे नोंद नाही. पण जाळं फार मोठं टाकलं गेलं. सर्व्हर बंद असल्याची ५०३, वेळ संपल्याची एरर, उत्तराचा जेसन वाचता न आल्याची एरर, सगळ्यांचं रूपांतर ‘या माणसाची पसंती नाही’ मध्ये होत होतं.

‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांत दवाखान्याच्या निरोपापुरतं बोलायचं तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘नाही’ म्हणजे मेल पाठवायला हरकत नाही. ‘माहीत नाही’ म्हणजे पाठवूच नये, कारण या माणसाने कदाचित मुद्दामच मेल नको म्हटलेलं असेल. आणि लिहू तर नयेच.

आता फक्त ४०४ रिकामी होते. बाकी एरर एररच राहतात. माहीत नसेल तेव्हा काय करायचं हे प्रोग्रामरने एकट्याने ठरवण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही दवाखान्यांशी बोलणाऱ्या सहकाऱ्यांना विचारलं. आठवण भेटीच्या बऱ्याच आधी जाते, हातात वेळ असतो, म्हणून थांबून पुन्हा विचारायचं असं ठरलं. काही वेळा वाढत्या अंतराने प्रयत्न, तरीही नाही जमलं तर ते काम मागच्या रांगेत.

पुन्हा प्रयत्न कुठे लावायचा, यातही एक खड्डा आहे. रिट्रायव्हेन त्याच्या वरच्या सगळ्या साखळीला नव्याने सबस्क्राइब करतो. तो शेवटी, पाठवच्या खाली लावला असता, तर पाठवच्या पोचपावतीला वेळ लागला म्हणून एसएमएस पुन्हा गेला असता. एका रोगावरून उठून त्याच रोगात परत. म्हणून तो पसंतीशोधच्या आत, एकट्या वाचण्याच्या रिक्वेस्टवर आहे. वाचणं कितीही वेळा केलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

अट दोन ठिकाणी लागते

एवढं करूनही एक भोक उरतं. ‘नसेल तर तयार कर’ हे दोन रिक्वेस्टमध्ये केलं की मध्ये वेळ जातो. एका माणसाच्या दोन भेटींची कामं एकाच वेळी चालली, दोघांनाही ४०४ मिळाली, तर दोघंही लिहिणार. किंवा विचारणं आणि लिहिणं यांच्या मधल्या क्षणी त्या माणसाने स्वतः ॲपमध्ये एसएमएस निवडला, तर आमचं लिहिणं त्याच्यावरून जाणार. साखळी कितीही सुबक लिहिली तरी हे क्लायंटच्या बाजूने सुटत नाही.

एचटीटीपीत याची सोय आहे. पुट, म्हणजे नोंद लिहिणाऱ्या, रिक्वेस्टसोबत इफ-नन-मॅच हेडरमध्ये तारांकन पाठवलं की अर्थ होतो: इथे आधीच काही असेल तर लिहू नकोस. असेल तर सर्व्हर ४१२ देतो. पसंतीसेवेच्या टीमने ही तपासणी घातली, आणि मूळपसंतीकरमध्ये ४१२ आली की ती एरर न मानता पसंतीशोध पुन्हा बोलवायचं असं केलं, कारण ४१२ म्हणजे खरी पसंती आता तिथे आहे. ही तपासणी पहिल्यापासून असती तर आमच्या पहिल्या दोन्ही चुका झाल्या असत्या तरी कुणाची पसंती पुसली गेली नसती. मी आता आधी हे बघते: ज्या सेवेत लिहायचंय ती स्वतः नको ते लिहिणं नाकारते का.

पाठव काय परत करतं

शेवटचा बदल छोटा, पण मला सगळ्यात आवडलेला. पाठव आता व्हॉइडचा मोनो देत नाही, पोच देतो: कुठल्या मार्गाने, किती वाजता, संदेशसेवेचा क्रमांक काय. काही पाठवलं नाही तर तेही मूल्य म्हणून सांगतो, कारणासह. पूर्वी साखळीच्या शेवटी काहीच नसायचं, त्यामुळे एकदा गेलं की दोनदा गेलं हे साखळीला स्वतःलाच माहीत नव्हतं. जिथे ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन्हींवर पुढे वेगवेगळं काम करायचं असतं तिथे आम्ही सिंगलऑप्शनल वापरतो. तो रिकामेपणाचं रिकाम्या ऑप्शनलमध्ये, म्हणजे मूल्य असेल किंवा नसेल अशा डबीत, रूपांतर करतो, आणि मग फ्लॅटमॅपच्या आत साधं इफ-एल्स लिहिता येतं. दोन्ही शाखा डोळ्यांसमोर, आणि कुठलीही शाखा चुकून दुसरीत घसरत नाही.

कुणीतरी रिव्ह्यूत विचारलं, मग हे सगळं रिॲक्टिव्ह कशाला? प्रश्न रास्त होता. जावा २१ मध्ये, २०२३ साली, व्हर्च्युअल थ्रेड, म्हणजे उत्तराची वाट पाहत थांबले तरी स्वस्त पडणारे हलके थ्रेड, स्थिर झाले. ही सेवा आज नव्याने लिहायची असती तर मी ती सरळ एकाखाली एक ओळींत, साध्या इफने लिहिली असती, आणि पहिल्या दोन चुका करायला जागाच उरली नसती. इथे प्रवाह एकत्र करायचे नाहीत, मागणीप्रमाणे वेग आवरायचा नाही; चार रिक्वेस्ट एकामागून एक करायच्या आहेत. पण भोवतीच्या सेवा रिॲक्टिव्ह आहेत आणि एवढ्यासाठी सगळं उपटणं आत्ता परवडणारं नाही. तिसरी आणि चौथी चूक मात्र साध्या इफमध्येही तशीच झाली असती.

टेस्टमधली ती जास्तीची ओळ काढली. तिच्या जागी दोन तपासण्या आल्या. पर्यायी शाखेसाठी पब्लिशरप्रोब (सबस्क्राइब झालं का हे नोंदवणारं टेस्टचं साधन), आणि पसंती असताना त्याला कुणी सबस्क्राइब केलं नाही याची खात्री. पण सबस्क्राइब न होणं पुरेसं नाही हे आम्ही शिकलो होतो, म्हणून दुसरी तपासणी जुन्या क्लायंटच्या लिही मेथडवर: ती एकदाही बोलावली गेलेली नसावी. पहिली तपासणी पहिली चूक पकडते, दुसरी दुसरी. आम्ही दोन्ही जुन्या आवृत्त्या परत आणून त्यांच्यावर टेस्ट चालवल्या आणि त्या लाल झाल्याचं डोळ्यांनी पाहिलं.

पुसलेल्या पसंती

कोड सुधारला, पण बदललेल्या नोंदी तशाच होत्या. पसंतीसेवा प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवते आणि बदल कुणी केला हेही, म्हणून सोय झाली. आमच्या सेवेने लिहिलेली ‘मेल’ ज्या नोंदींत शेवटची होती आणि तिच्या आधी माणसाने स्वतः निवडलेलं काही होतं, तिथे ते परत बसवलं. आमच्या लिहिण्यानंतर ज्यांनी स्वतः पसंती पुन्हा बदलली होती, त्यांना हात लावला नाही, मग ती ‘मेल’ का असेना. ज्यांच्या बाबतीत खात्री होत नव्हती त्यांना ॲपमध्येच विचारलं. मेल पाठवून विचारणं बरोबर दिसलं नसतं.

पहिल्या तक्रारीच्या बाईंना सहकाऱ्याने फोन केला, काय झालं होतं ते सांगितलं, माफी मागितली. त्यांनी एकच विचारलं, तो मेल परत घेता येतो का. येत नाही, हे त्यांना सांगावं लागलं.